शून्याने भागा आणि पुढे चला

शून्याने भागायचं नाही, हा नियम शाळेत इतका घोटून घेतलेला असतो की पुढे एम.एस्सी.ला गेल्यावरही छेदात शून्य दिसला की हात आपोआप थांबतो. बहुतेक ठिकाणी थांबावंच. पण गणितात एक घराणं असं आहे, जिथे थांबलं तर खेळ बिघडतो आणि न थांबता पुढे गेलं तर पुढच्याच पायरीला रस्ता सरळ होतो. दिसायला ते अगदी साधं आहे: अंशात एक रेषीय राशी, छेदात दुसरी.

(क·क्ष + ख) / (ग·क्ष + घ)

क, ख, ग, घ ठरलेले, वास्तव किंवा संमिश्र (म्हणजे −१ चं वर्गमूळ मिसळलेल्या, प्रतलावरचे बिंदू म्हणून मांडता येणाऱ्या संख्या), क्ष बदलता. पुस्तकात नाव रेषीय अपूर्णांकी रूपांतर, बोलताना मोबियस रूपांतर. ऑगस्ट मोबियस (१७९०–१८६८) हा लाइपझिगच्या वेधशाळेचा संचालक. लोकांना तो एकाच बाजूच्या पट्टीमुळे माहीत आहे, पण वर्तुळांना वर्तुळांकडे नेणाऱ्या रूपांतरांवर त्याने १८५५ मध्ये जे लिहिलं, ते माझ्या मते त्या पट्टीपेक्षा कितीतरी जास्त कामाचं निघालं.

अट एकच. कघ − खग, म्हणजे निश्चयक, शून्य नको. (२क्ष + ४)/(क्ष + २) घ्या: निश्चयक ४ − ४ = ०, आणि खरंच, कुठलाही क्ष घातला तरी उत्तर २. सगळं प्रतल एका बिंदूत कोसळलं. परीक्षेतल्या उदाहरणांत ही चूक डोळ्याला दिसते. चार सहगुणक प्रोग्राममधून दशांशात येतात तेव्हा दिसत नाही. म्हणून निश्चयक आधी काढायचा, बाकी सगळं नंतर.

आता छेदातल्या शून्याकडे येऊ. (क्ष + २)/(क्ष + १) हे रूपांतर घ्या आणि −७/५ पासून सुरुवात करा. पहिली पायरी: अंश ३/५, छेद −२/५, उत्तर −३/२. दुसरी: अंश १/२, छेद −१/२, उत्तर −१. तिसरी: अंश १, छेद शून्य. पायथनमध्ये नेमके अपूर्णांक वापरून हे लिहिलं असेल, तर प्रोग्राम इथे शून्याने भागल्याची तक्रार करून बंद पडतो. गणित मात्र बंद पडलेलं नाही. फक्त अपूर्णांक लिहायची आपली पद्धत अपुरी पडली.

उपाय असा की भागाकार करायचाच नाही. −७/५ च्या जागी (−७, ५) अशी जोडी ठेवा, आणि प्रत्येक पायरीला नवी जोडी = (वरचा + २ × खालचा, वरचा + खालचा). आता बघा:

(−७, ५) → (३, −२) → (−१, १) → (१, ०) → (१, १) → (३, २) → (७, ५)

मधली (१, ०) म्हणजेच अनंत. तिथे काहीच अघटित घडलं नाही. अनंतापाशी एक पायरी थांबून गाडी १ वर आली आणि पुढे ३/२, ७/५ अशी निघाली. अलीकडचे आकडे आणि पलीकडचे आकडे चिन्ह सोडलं तर तेच, उलट क्रमाने. जोडी (०, ०) तेवढी कधीच येऊ शकत नाही, कारण निश्चयक शून्य नाही. त्या अटीचा खरा अर्थ हाच.

म्हणजे प्रतलात अनंत नावाचा एकच बिंदू जोडायचा. डावीकडचा अनंत आणि उजवीकडचा अनंत वेगळे नाहीत, वरचा-खालचाही वेगळा नाही. प्रतल गोळ्यावर गुंडाळलं आणि उत्तर ध्रुवाला अनंत म्हटलं की चित्र पुरं होतं; याला रीमानचा गोल म्हणतात. या गोलावर मोबियस रूपांतर प्रत्येक बिंदूला नेमक्या एका बिंदूवर नेतं, कोणी उरत नाही, कोणी दोनदा येत नाही. अनंताची प्रतिमा क/ग, आणि −घ/ग ची प्रतिमा अनंत. हे दोन आकडे मी कुठल्याही उदाहरणात कागदाच्या कोपऱ्यात आधी लिहून ठेवायला सांगेन. अर्ध्या चुका तिथेच पकडल्या जातात.

जोडीची पद्धत पाहिली की पुढची गोष्ट उघडच आहे: क, ख, ग, घ ही दोन बाय दोनची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, झाली, आणि एकामागून एक रूपांतरं लावणं म्हणजे मॅट्रिक्सचा गुणाकार. क्रम मात्र सांभाळायचा. आधी प आणि मग फ लावायचं, तर गुणाकार फ × प. डावीकडून उजवीकडे वाचायच्या सवयीने विद्यार्थी तो हटकून उलटा करतात, आणि उत्तर चुकीचं असूनही देखणं दिसतं. दुसरी बारीक गोष्ट: चारही आकड्यांना एकाच संख्येने गुणलं तरी रूपांतर तेच राहतं. त्यामुळे दोन मॅट्रिक्स सारख्या आहेत का हे तपासताना आकडे जुळवायचे नाहीत, गुणोत्तरं जुळवायची. निश्चयक १ करून घेतला तरी चिन्हाचा प्रश्न उरतोच. उणे मॅट्रिक्सही तेच रूपांतर देते.

वरच्या उदाहरणातली मालिका पुढे नेली तर ७/५ नंतर १७/१२, ४१/२९, ९९/७०, २३९/१६९, ५७७/४०८. दशांशात पाहिलं की ओळख पटते: हे सगळे २ च्या वर्गमूळाकडे चालले आहेत. का, ते विचारलं की या विषयाचं मर्म हाती येतं. जो बिंदू रूपांतरानंतर जागचा हलत नाही तो स्थिर बिंदू. क्ष = (क्ष + २)/(क्ष + १) सोडवलं की क्ष² = २, म्हणजे स्थिर बिंदू दोन: √२ आणि −√२. सामान्य रूपात हे वर्गसमीकरणच आहे, ग·क्ष² + (घ − क)·क्ष − ख = ०, म्हणून स्थिर बिंदू दोन असतात किंवा दोन्ही एकत्र आले तर एक. तीन बिंदू जागेवर राहिले तर रूपांतर काहीच करत नाही.

आता क्ष ऐवजी नवं माप घ्या: (क्ष − √२)/(क्ष + √२). एका स्थिर बिंदूपाशी हे माप शून्य, दुसऱ्यापाशी अनंत. या मापात आपलं वाकडंतिकडं रूपांतर निव्वळ एका संख्येने गुणणं होऊन जातं. ती संख्या, म्हणजे गुणक, इथे (१ − √२)/(१ + √२), सुमारे −०.१७१६. प्रत्येक पायरीला माप ५.८३ पटीने आक्रसतं, आणि उणे चिन्हामुळे आकडा √२ च्या एकदा खाली, एकदा वर उडी मारतो. सुरुवात अनंतापासून केली, जिथे माप १ आहे, तर ५७७/४०८ ही आठवी पायरी. ०.१७१६ चा आठवा घात सुमारे ७.५ × १०⁻⁷, त्याला २√२ ने गुणलं की चूक २.१२ × १०⁻⁶ यायला हवी. करून पाहा: १.४१४२१५६९ वजा १.४१४२१३५६. तेवढीच येते.

५७७/४०८ ओळखीचा वाटला असेल. बौधायनाच्या शुल्बसूत्रात चौरसाच्या कर्णासाठी जे १ + १/३ + १/(३·४) − १/(३·४·३४) दिलं आहे, त्याची बेरीज हीच. म्हणून बौधायनाला मॅट्रिक्स माहीत होती असं कोणी म्हणू लागलं तर हसून सोडून द्यावं. ब्रह्मगुप्ताची गोष्ट मात्र वेगळी. सातव्या शतकात त्याने दिलेली भावना अशी की वर्गप्रकृतीच्या, म्हणजे प² − न·फ² = ठरलेली संख्या अशा समीकरणाच्या, दोन जोड्यांपासून तिसरी तयार होते: (प, फ) आणि (ब, भ) यांच्यापासून (पब + न·फभ, पभ + फब). न = २ आणि दोन्ही जोड्या (१७, १२) घ्या: २८९ + २८८ = ५७७, २०४ + २०४ = ४०८. एका झटक्यात चार पायऱ्या पार. आणि यातली एक जोडी ठरलेली मानून दुसरीचं गुणोत्तर क्ष म्हटलं, तर ही भावना म्हणजे (१७क्ष + २४)/(१२क्ष + १७), अगदी नेमकं मोबियस रूपांतर. आपल्या मॅट्रिक्सचा चौथा घात. स्थिर बिंदू तेच, ±√२. इथे ओढूनताणून संबंध जोडावा लागत नाही, बीजगणित समोर आहे.

घात चढवताना एक खड्डा लागतो, तोही इथेच सांगून टाकतो. या मॅट्रिक्सचा निश्चयक −१, म्हणून तिच्या कुठल्याही घाताचा निश्चयक +१ किंवा −१ असायलाच हवा. पण मॅट्रिक्समधले आकडे दर पायरीला सुमारे २.४१४ पट वाढतात. संगणकात आकडे साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, म्हणजे डबल प्रिसिजनमध्ये, २⁵³ च्या पुढे प्रत्येक पूर्णांक नेमका मावत नाही, आणि निश्चयक म्हणजे दोन मोठ्या गुणाकारांची वजाबाकी. बाविसाव्या घाताच्या आसपास ते दोन गुणाकार ही हद्द ओलांडतात आणि वजाबाकीतला १ बेभरवशाचा होतो. मॅट्रिक्स अजून ठीक असते, निश्चयक तपासणारा प्रोग्राम मात्र रूपांतर मोडलं म्हणून ओरडतो. लांबलचक गुणाकारात अधूनमधून सगळ्या आकड्यांना सर्वांत मोठ्या आकड्याने भागत जावं, आणि निश्चयक शेवटच्या मॅट्रिक्सवरून न काढता प्रत्येक घटकाच्या निश्चयकाचा हिशेब बाजूला ठेवावा.

रूपांतराचा स्वभाव ओळखायला स्थिर बिंदू काढायचीही गरज नाही. मुख्य कर्णावरची बेरीज, क + घ, तिचा वर्ग करून निश्चयकाने भागा. उत्तर ४ आलं (आणि रूपांतर काहीतरी करत असलं) तर स्थिर बिंदू एकच. ० ते ४ च्या मधलं, शून्य धरून, आलं तर ते गोलाचं फिरणं आहे, दोन स्थिर बिंदू खुंट्यासारखे. बाकी सगळीकडे एक स्थिर बिंदू खेचतो, दुसरा ढकलतो. फिरण्याचं सुंदर उदाहरण १/(१ − क्ष): कर्णाची बेरीज १, निश्चयक १, भागाकार १. तीनदा लावलं की मूळ पदावर: २ → −१ → १/२ → २. आणि ४ वाल्याचा आळशीपणा पाहायचा तर क्ष/(क्ष + १) घ्या. १, १/२, १/३, १/४... जातं शून्याकडेच, पण हजार पायऱ्यांनंतरही फक्त १/१००१ पर्यंत. पुनरावृत्तीची एखादी पद्धत अशी रेंगाळताना दिसली तर दोन स्थिर बिंदू एकमेकांवर आले आहेत का, हे आधी पाहावं.

चार अक्षरं, पण एका गुणकाची सूट, म्हणजे खरी मोकळीक तीन आकड्यांची. म्हणून कुठल्याही तीन वेगळ्या बिंदूंना कुठल्याही तीन वेगळ्या बिंदूंवर नेणारं रूपांतर असतं आणि ते एकच असतं. काढायची रीत: प, फ, ब यांना ०, १, ∞ वर पाठवणारं रूपांतर (क्ष − प)(फ − ब) / ((क्ष − ब)(फ − प)). तीनपैकी एखादा बिंदू अनंत असेल तर तो असलेले दोन्ही कंस, वरचा आणि खालचा, सरळ खोडायचे. मूळ तिघांचं एक मॅट्रिक्स, हव्या असलेल्या तिघांचं दुसरं. दुसरीची व्यस्त गुणिले पहिली. दोन बाय दोनची व्यस्त काढताना निश्चयकाने भागायचे कष्टही नकोत: क आणि घ ची अदलाबदल, ख आणि ग चं चिन्ह उलट, झालं. चार अज्ञात धरून समीकरणं सोडवत बसणाऱ्यांची मला दया येते.

या रूपांतरांचा सगळ्यांत गाजलेला गुण म्हणजे वर्तुळाचं वर्तुळच होतं. रेषा म्हणजे अनंतातून जाणारं वर्तुळ, हे मान्य केलं की अपवाद शिल्लक राहत नाही. पण एक गैरसमज भलताच चिवट आहे: केंद्राचं केंद्र होतं हा. २ भोवती १ त्रिज्येचं वर्तुळ घ्या आणि १/क्ष लावा. १ चं १, ३ चं १/३. नव्या वर्तुळाचं केंद्र २/३, त्रिज्या १/३. जुनं केंद्र २ मात्र १/२ वर गेलं. नवं केंद्र थेट हवं असेल तर रीत अशी: अनंतावर जाणारा बिंदू घ्या (इथे ०), मूळ वर्तुळात त्याची प्रतिमा काढा, म्हणजे केंद्रातून त्याच दिशेला, दोन अंतरांचा गुणाकार त्रिज्येच्या वर्गाइतका होईल असा बिंदू. ० हा केंद्रापासून २ अंतरावर, म्हणून प्रतिमा १/२ अंतरावर, म्हणजे १.५. त्यावर १/क्ष लावा: २/३. हे चालतं, कारण केंद्र आणि अनंत ही वर्तुळाची आरशातली जोडी आहे आणि मोबियस रूपांतर अशा जोड्या मोडत नाही.

संमिश्र संख्यांत सगळ्यांत जास्त राबवलं गेलेलं रूपांतर गणितज्ञ आर्थर केली याचं: (क्ष − इ)/(क्ष + इ), इ म्हणजे −१ चं वर्गमूळ. ० जातं −१ वर, १ जातं −इ वर, अनंत जातं १ वर. म्हणजे अख्खा वास्तव अक्ष एकक वर्तुळावर. वरचं अर्धं प्रतल आत जातं की बाहेर? ०, १, ∞ असं चालताना वरचा भाग डाव्या हाताला. प्रतिमा −१, −इ, १, म्हणजे घड्याळाच्या उलट, आणि तसं चालताना डाव्या हाताला वर्तुळाचा आतला भाग. तरी एक बिंदू घालून खात्री करावी: इ गेला ० वर. १००इ कुठे? ९९/१०१ वर, कडेला चिकटून. अर्धं अमर्याद प्रतल एका तबकडीत मावलं आणि अनंत तिच्या उजव्या टोकावर बोट ठेवता येईल असा बसला.

आकाशातही हेच चालतं, हे पहिल्यांदा कळतं तेव्हा जरा थरारायला होतं. प्रेक्षकाभोवतीचा ताऱ्यांचा गोल हाच रीमानचा गोल मानायचा. प्रेक्षक वेगाने निघाला की तारे पुढच्या दिशेला सरकलेले दिसतात, आणि ते सरकणं नेमकं मोबियस रूपांतर आहे: पुढच्या दिशेपासूनच्या कोनाच्या अर्ध्याचा टॅन एका ठरावीक संख्येने गुणायचा. वेग प्रकाशाच्या ०.६ पट असेल तर ती संख्या √(०.४/१.६), म्हणजे १/२. बरोबर बाजूला, ९०° वर असलेला तारा ५३.१३° वर दिसेल. १२०° वरचा, म्हणजे खरं तर मागचा, ८१.८° वर. स्थिर बिंदू दोनच, नाकासमोरचा आणि पाठीमागचा. पृथ्वीच्या सेकंदाला सुमारे ३० किलोमीटर वेगाने हा फरक जेमतेम २०.५ विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), पण जेम्स ब्रॅडलीने तो टिपला आणि १७२९ मध्ये जाहीर केला. वर्तुळाचं वर्तुळ राहतं, म्हणून वेगाने जाणाऱ्या गोलाची बाह्यरेषा चपटी न दिसता वर्तुळच दिसते. हे रॉजर पेनरोज यांनी १९५९ मध्ये दाखवलं.

आणि मग रेडिओवाले. तारेच्या टोकाला भार जोडला की लहरीचा काही भाग परत फिरतो. किती आणि कोणत्या कलेत, ते सांगणारा परावर्तन गुणांक (भ − १)/(भ + १), जिथे भ म्हणजे भाराचा इम्पीडन्स (प्रवाहाला होणारा एकूण विरोध, संमिश्र संख्येत; तिचा वास्तव भाग रोध, दुसरा रिअॅक्टन्स) भागिले तारेचा. हे केलीचंच भावंड. फक्त वरच्या अर्ध्या प्रतलाऐवजी उजवं अर्धं. बेल लॅबच्या फिलिप स्मिथने त्यावरून बनवलेला तक्ता जानेवारी १९३९ मध्ये छापला; जपानमध्ये मिझुहाशी तोसाकू यांनी १९३७ मध्येच तसाच मांडला होता. स्मिथ चार्टवरची ती गोल जाळी म्हणजे चौकटीच्या कागदाच्या आडव्या-उभ्या रेषांचं मोबियस रूपांतर, दुसरं काही नाही. सगळी वर्तुळं उजव्या टोकाला एकाच बिंदूत का मिळतात? प्रत्येक रेषा अनंतातून जाते म्हणून. तो बिंदू म्हणजे उघडं टोक, ओपन सर्किट. डावं टोक म्हणजे शॉर्ट.

एक भार हाताने मांडून बघा. तार ५० ओहमची, भार १०० + ५०इ. आधी ५० ने भागा: २ + इ. हे भागणं विसरणं ही सगळ्यांत सर्रास होणारी चूक. ७५ ओहमची केबल जोडलेली असताना ५० ने भागणं ही दुसरी. परावर्तन गुणांक (१ + इ)/(३ + इ) = ०.४ + ०.२इ. पडताळा: रोध २ चं वर्तुळ २/३ केंद्राचं, १/३ त्रिज्येचं, रिअॅक्टन्स १ चं वर्तुळ १ + इ केंद्राचं, १ त्रिज्येचं, आपला बिंदू दोन्हींवर बसतो. त्याची लांबी √०.२, सुमारे ०.४४७, म्हणजे २० टक्के शक्ती परत फिरते, आणि स्टँडिंग वेव्ह रेशो (तारेवरच्या सर्वाधिक आणि किमान व्होल्टेजचं गुणोत्तर) १.४४७/०.५५३ = २.६१८. (सुवर्णगुणोत्तराचा वर्ग. योगायोगच, पण भार २ + इ घेतला की तो बरोबर हजर होतो.) तारेवरून भारापासून उगमाकडे सरकलं की बिंदू केंद्राभोवती घड्याळाच्या दिशेने फिरतो, आणि पुरा फेरा अर्ध्या तरंगलांबीत होतो. पुऱ्या तरंगलांबीला एक फेरा धरणारे मॅचिंग स्टब (परावर्तन मारायला जोडायचे तारेचे तुकडे) चुकीच्या जागी लावतात आणि मग चार्टला नावं ठेवतात.

छापील तबकडी मात्र रोध शून्य किंवा अधिक असेपर्यंतच पुरते. ऑसिलेटरमध्ये रोध उणे होतो, गुणांकाची लांबी १ पेक्षा वाढते आणि बिंदू कागदाबाहेर जातो. तेव्हा मोठा कागद शोधायचा नाही. गुणांकाची दिशा तीच ठेवून लांबी उलटवायची, म्हणजे १.२५ असेल तर ०.८ वर खूण करायची, आणि तिथे वाचलेल्या रोधाला उणे चिन्ह द्यायचं; रिअॅक्टन्स आहे तसा घ्यायचा. एकक वर्तुळातली आरशाची जोडी आहे ती, आणि केंद्र काढताना वर जी रीत वापरली तीच इथे कामाला येते.